गोलातलं गोलात

केज तालुक्यातून आम्ही बोलतोय. आम्ही म्हणजे बचत गटांचं काम बघणाऱ्या चौघीजणी. आवाज एकीचा असला तरी सांगणं चौघींचं आहे. मागच्या वेळी बँकेच्या कर्जाचं बोललो होतो. आजचा विषय घरातला आहे आणि जरा अवघड आहे. लेकरं जवळ बसली असतील तर बसू द्या, उठवू नका.

पंधरा-सोळा वर्षांचं पोरगं नशेला लागलं, तर त्यातून उठायला त्याला गटाचा काय उपयोग होतो, हे आज सांगायचंय. पण आधी इतिहास सांगणार आहोत. कारण आमच्या हातून एक चूक झाली, आणि ज्या गोष्टी जगानं शंभर-दीडशे वर्षांत ठेचा खाऊन शिकल्या, त्या आम्हाला माहीत नव्हत्या म्हणून झाली.

चूक अशी. एका गावात, गावाचं नाव सांगणार नाही, आमच्या एका गटातल्या बाईनं शेळीसाठी म्हणून दहा हजारांचं अंतर्गत कर्ज उचललं. दोन महिने झाले तरी दारात शेळी दिसेना. हप्ताही थकला. चौकशी केली तेव्हा कळलं की पैसे पोराच्या उधारीत गेले. पोरगं पंधराव्या वर्षी आईबापाबरोबर ऊसतोडीला गेलं होतं. पहाटे थंडीत फडात उतरायचं, मोळ्या वाहायच्या, रात्री कोपीत येऊन पडायचं. अंग ठणकतं म्हणून मोठी माणसं घोट घोट घेतात, तसा यानंही घेतला. आधी गुटखा होताच. गावी परत आल्यावर पोरांच्या संगतीनं गोळ्या सुरू झाल्या. पोरं त्याला बटन म्हणतात. उधारीवाले दारात यायला लागले, तेव्हा आईनं गटातून पैसे नेऊन भागवले. नवऱ्याला कळू दिलं नाही, आणि आम्हालाही नाही.

आम्हाला वाटलं, आपण बाया एक झालो तर दारूचं दुकान उठवतो, मग एक पोरगं सुधरवता येणार नाही का? पुढच्या बैठकीला पोराला बोलावलं. चौदा बाया गोल बसलेल्या आणि मधे ते उभं. आईच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घे म्हणालो. बराच वेळ मान खाली घालून उभं राहिलं. मग समोरच्या मावशीकडं बघून म्हणालं, “मावशे, तुझ्या पदराला काय बांधलंय?”

मावशीच्या पदराला मिसरीची डबी होती.

कुणाला हसू आलं नाही. दोघीतिघी त्याच्यावर ओरडल्या. शेवटी त्यानं शपथ घेतली आणि गेलं. संध्याकाळपर्यंत शपथेचं गावभर झालं. पारावरची पोरं त्याला ‘गटाचा जावई’ म्हणून चिडवायला लागली. चौथ्या दिवशी ते घरातून निघून गेलं, आणि त्याची आई गटात यायची बंद झाली. आमच्या ठराव वहीत मात्र त्या दिवशीचा ठराव छान अक्षरात लिहिलेला आहे: ‘सर्वानुमते व्यसनमुक्तीची शपथ देण्यात आली.’

आता इतिहासाकडं येऊ.

नशा सोडायला माणसाला माणसांत आणायचं, ही गोष्ट आपल्याकडं काही नवी नाही. माळ घालणं म्हणजे दुसरं काय? माळ घातली की दारू-मटण सुटलं, एकादशीला भजन, वर्षाला सप्ताह, आषाढीला दिंडी. दारूच्या बैठकीतून उठलेल्या माणसाला भजनाची बैठक मिळते, रिकामी संध्याकाळ भरते, सोबत मिळते. गाडगे महाराज कीर्तनातून लोकांना दारू सोडायला सांगत गावोगाव फिरले. आपल्या बीड जिल्ह्यात माळेमुळं उभी राहिलेली घरं प्रत्येक गावात दाखवता येतील. आम्ही ते मानतो. फक्त एक बघितलं आहे. माळ घातलेला माणूस चुकून एकदा प्याला, तर तो दुसऱ्या दिवशी भजनाला येत नाही. लाजेनं येत नाही. माळ काढून खुंटीला लावतो आणि मग पितच राहतो. पडलेल्याला परत आत यायला दार कुठं आहे, हा प्रश्न शपथेत सुटत नाही.

हाच प्रश्न दूर अमेरिकेतल्या काही दारुड्यांना पडला होता. १८४० साली बाल्टिमोर नावाच्या शहरात सहा जण एका दारूच्या दुकानात रोज बसायचे. एक शिंपी, एक सुतार, दोन लोहार, एक घोडागाड्या बनवणारा आणि एक चांदीकाम करणारा. आपल्या बलुतेदारांसारखीच मंडळी. गावात दारूबंदीवर भाषण आहे म्हणून गंमत बघायला त्यांच्यातले काही गेले, आणि परत येऊन सहाही जणांनी दारू सोडायची ठरवलं. त्यांनी स्वतःच एक मंडळ काढलं आणि त्याला वॉशिंग्टन यांचं नाव दिलं. त्या काळी दारूबंदीची भाषणं चांगल्या घरची, कधी न पिणारी माणसं करायची. या सहा जणांनी ठरवलं की आमच्याकडं भाषण नाही. ज्यानं त्यानं उठून स्वतःचं काय झालं ते सांगायचं, आणि पुढच्या वेळी येताना आणखी एका पिणाऱ्याला घेऊन यायचं. बस. काही वर्षांत लाखो माणसं या मंडळात आली. पुढच्याच वर्षी, १८४१ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये बायांनी आपली वेगळी मंडळं काढली. पिणाऱ्यांच्या घरातल्या बायकापोरांना कपडे शिवून द्यायचे, धान्य पुरवायचं, आणि पिणाऱ्या बायांना आधार द्यायचा, हे त्यांचं काम. म्हणजे बघा, एकशेऐंशी वर्षांपूर्वीसुद्धा शिवणकाम आणि नशामुक्ती एकाच गटात चालायची.

मग ती मंडळं टिकली का? नाही टिकली. दहा वर्षांच्या आत बहुतेक बंद पडली. कारणं बरीच सांगतात. आपल्या उपयोगाची दोन आहेत. एक, मंडळ राजकारणाच्या आणि दारूबंदीच्या कायद्याच्या भांडणात ओढलं गेलं. दुसरं, नशा सोडलेली माणसं व्यासपीठावर उभी करून हजारो लोकांपुढं मिरवली गेली. नाव झालं, टाळ्या मिळाल्या. मग त्यातला एखादा परत प्यायला लागला की त्याचीही बदनामी आणि मंडळाचीही. आम्ही एका पोराला चौदा बायांपुढं उभं केलं होतं, त्यांनी हजारांपुढं केलं. फरक आकड्याचाच.

आता पुढची गोष्ट. १९३५ सालचा मे महिना. न्यूयॉर्कचा बिल विल्सन नावाचा शेअर दलाल. दारूपायी सगळं घालवून बसलेला, पाच-सहा महिन्यांपूर्वीच दारू सुटलेली. व्यवहारासाठी अॅक्रन नावाच्या, टायरच्या कारखान्यांच्या गावात आला होता. व्यवहार बुडाला. हॉटेलात एकटा उभा आहे, खिशात फारसं काही नाही, आणि पलीकडं बारमध्ये माणसं हसतखिदळत बसलेली. आत जावं असं वाटायला लागलं. तेव्हा तो टेलिफोनकडं वळला. गावातल्या चर्चच्या माणसांना फोन करून त्यानं विचारलं की मला एखादा पिणारा माणूस भेटवता का? शोधत शोधत त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ या सर्जनशी पडली. हात थरथरायचे तरी शस्त्रक्रिया करणारा माणूस. डॉक्टर म्हणाले होते की पंधरा मिनिटं बसेन, जास्त नाही. दोघं कितीतरी तास बोलत बसले. त्या दिवशी तिकडं आईचा दिवस होता, मदर्स डे. पुढं १० जून १९३५ ला डॉक्टरांनी शेवटचा घोट घेतला, आणि तोच दिवस ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ या संघटनेचा जन्मदिवस मानतात. आपल्याकडं त्यांना एए म्हणतात.

यात बाईचा वाटा मोठा आहे, तो सांगितला जात नाही म्हणून आम्ही सांगतो. बिलची बायको लोईस. नवरा पीत होता ती वर्षं तिनं दुकानात नोकरी करून घर चालवलं. दारू सुटल्यावर बिल न्यूयॉर्कमध्ये पिणाऱ्यांच्या मागं लागला, त्यांना उपदेश करत राहिला. सहा महिन्यांत एकाचीही सुटली नाही. तो निराश होऊन म्हणाला, माझ्यानं एकही माणूस सुधारला नाही. तेव्हा लोईस म्हणाली, पण तू स्वतः तर प्यायला नाहीस ना एवढ्या दिवसांत!

बायांनो, या एका वाक्यात सगळं आहे. नशा सोडलेला माणूस दुसऱ्या नशेतल्या माणसाशी बोलायला जातो, ते दुसऱ्याच्या भल्यासाठी आहेच, पण आधी स्वतःला सावरायला. म्हणून अॅक्रनमध्ये त्यानं मदत देणारा शोधला नाही, आपल्यासारखा एक जण शोधला. त्या गोलात वैद्य कोण आणि रोगी कोण हे ठरलेलं नसतं. आज ज्यानं पाणी पाजलं, उद्या त्यालाच पाणी लागेल.

त्यांनी नियमही ठेचा खाऊन केले. नाव-आडनाव सांगायचं नाही, पहिलं नाव पुरे. गोलात जे ऐकलं ते बाहेर बोलायचं नाही. आयुष्यभराची शपथ नाही, फक्त आजचा दिवस प्यायची नाही, उद्याचं उद्या. चुकून प्याला तर त्याला हाकलायचं नाही, तो परत येऊन बसू शकतो. आणि राजकारणात, कायद्याच्या भांडणात संघटनेनं पडायचं नाही. वॉशिंग्टनवाल्यांची मंडळं ज्या खड्ड्यात पडली, तो खड्डा हे चुकवून चालले. १९५७ साली एए आपल्या देशात आली. आता मोठ्या शहरांत मराठीतूनही तिच्या बैठका होतात.

पण लोईसची गोष्ट अजून संपली नाही. नवऱ्याची दारू सुटली तरी तिचा जीव थाऱ्यावर येईना. तो सारखा बैठकीला जायचा. एका रविवारी तो म्हणाला, चल लवकर, बैठकीला उशीर होतोय. तिनं बूट त्याच्याकडं भिरकावला. मग तिलाच नवल वाटलं. दारू सुटावी म्हणून इतकी वर्षं झुरले, आता सुटली तर मला राग कशाचा येतोय? तिनं आजूबाजूला पाहिलं. नवरे आत गोलात बसायचे तेव्हा बायका स्वयंपाकघरात चहा करत किंवा बाहेर गाडीत वाट बघत बसायच्या. त्याही एकमेकींशी बोलायला लागल्या होत्या. त्यातून १९५१ साली घरच्यांचे वेगळे गट उभे राहिले. त्यांना अल-अॅनॉन म्हणतात. तिथं नवऱ्याला कसं सुधारायचं हे बोलत नाहीत. माझं काय झालं, मी कुठं चुकते आणि मी कशी सावरते, हे बोलतात.

आणि १९५७ मध्ये कॅलिफोर्नियात एका सतरा वर्षांच्या मुलानं तिसरी गोष्ट केली. बाप एएमध्ये, आई अल-अॅनॉनमध्ये. पोरगं म्हणालं, तुमचे दोघांचे गट झाले, मग आमचा कुठाय? त्यानं चार-पाच पोरं जमवली आणि अॅलटीन सुरू झालं. ज्यांच्या घरात नशा आहे अशा तेरा ते एकोणीस वयाच्या मुलांचे हे गट. स्वतः नशेत अडकलेल्या तरुणांनी त्याच्याही आधी, १९४५-४६ च्या सुमारास, लॉस एंजेलिस आणि फिलाडेल्फियासारख्या शहरांत एएमध्येच आपल्या वयाचे गट केले होते. कारण साधं होतं. विशीच्या आतलं पोरगं पन्नाशीच्या माणसांत बसलं की ती माणसं म्हणायची, बाळा, तुझी काय एवढी दारू! आणि पोरगं मनात म्हणायचं, खरंच की, माझी काय एवढी. आमच्या चौदा बायांच्या गोलात ते पोरगं का बोललं नाही, हे आम्हाला इथं कळलं. त्याच्यासारखं त्या गोलात कुणीच नव्हतं. आणि जी एक त्याच्यासारखी होती, मिसरीवाली, तिनं कबूल केलं नाही.

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. १९८० नंतरच्या चार-पाच वर्षांत मुंबई-पुण्यात गर्द आलं. गर्द म्हणजे ब्राऊन शुगर, अफूपासून केलेली तपकिरी पूड. कॉलेजातली, नोकरीला नुकती लागलेली पोरं सिगारेटमधून, कागदावर धूर करून ओढायची. दोन-चार वेळा ओढलं की शरीर धरून ठेवायचं. मिळालं नाही की अंग मोडून यायचं, उलट्या, जुलाब, नाकाडोळ्यांतून पाणी. त्याला ती पोरं टर्की म्हणायची. आईबापांना कळायचंच नाही की हे काय आहे. १९८५ साली सरकारनं अमली पदार्थांचा कडक कायदा केला. तो लागू झाला तो दिवस १४ नोव्हेंबर, बालदिन. कुणी मुद्दाम ठरवला असेल असं नाही, पण बालदिनाला लागू झालेला हा कायदा शाळेत कुणी मुलांना सांगत नाही.

पुण्यात डॉ. अनिल अवचट लेखक होते, त्यांच्या पत्नी डॉ. सुनंदा अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचाराचं काम करायच्या. ओळखीच्या घरातलं एक पोरगं गर्दमध्ये अडकल्याचं त्यांना कळलं. अवचट त्या मुलांमध्ये हिंडले, त्यांच्याशी बोलले आणि गर्दवर लेख लिहिले. ते लेख पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी वाचले. ज्या माणसानं महाराष्ट्राला पोट धरून हसवलं, त्याला ते वाचून झोप लागेना. त्यांनी अवचटांना बोलावून पैसे देऊ केले आणि सांगितलं की या मुलांसाठी काहीतरी उभं करा. २९ ऑगस्ट १९८६ ला येरवड्याला, मनोरुग्णालयाच्या आवारातच, मुक्तांगण सुरू झालं. उद्घाटन पु. लं.च्याच हातानं.

मुक्तांगणची बाकीची माहिती पुस्तकांत मिळेल. आम्हाला त्यातल्या दोन-तीन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली म्हणजे तिथं पेशंट म्हणत नाहीत, रुग्णमित्र म्हणतात. शब्दानं काय होतं असं वाटेल, पण आमच्या गावात त्या पोराला ‘बेवडं’ म्हणत होते, तेव्हा शब्दानं काय होतं ते आम्ही पाहिलं. दुसरी, तिथं समुपदेशक म्हणून काम करणाऱ्यांत कितीतरी जण स्वतः तिथंच राहून बरे झालेले. सुनंदाताई डॉक्टर होत्या, औषधाचं मोल त्यांना माहीत होतं. तरी त्यांनी हे ओळखलं की टर्कीत तडफडणाऱ्या पोराला ‘मला कळतं’ हे म्हणायचा हक्क ज्यानं ती सोसली त्यालाच आहे. तिसरी गोष्ट, तिथून बाहेर पडल्यावर काम संपलं असं ते मानत नाहीत. वेगवेगळ्या गावांत बरे झालेल्यांच्या बैठका होतात, त्यांच्या बायकांचे वेगळे गट आहेत, आणि नशा सोडून वर्ष झालं की त्या माणसाचा वाढदिवस करतात. जन्माचा नव्हे, नशामुक्तीचा. सुनंदाताई १९९७ मध्ये कॅन्सरनं गेल्या. डॉ. अवचट २०२२ च्या जानेवारीत गेले. आज त्यांची लेक मुक्ता पुणतांबेकर ते काम बघते.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं शहरातलं. आपल्याकडं बायांनी दारूबंदी केली ती काय कमी आहे? नाही, कमी नाही. २००८ च्या सरकारी आदेशानं गावातल्या बायांना मतदान करून देशी दारूचं दुकान बंद करायचा हक्क मिळाला. उभी बाटली, आडवी बाटली. त्या मतदानासाठी महाराष्ट्रभर गटांतल्या बायांनी सह्या गोळा केल्या, मार खाल्ला, दुकानं उठवली. पण दुकान उठवणं वेगळं आणि पोरगं उठवणं वेगळं. दुकान बंद झालं की पोरगं शेजारच्या गावाला जातं. २०१२ ला राज्यात गुटखाबंदी झाली, आणि आज कुठल्या पानटपरीवर गुटखा मिळत नाही ते आम्हाला दाखवा. त्यात आता नशा दुकानातच मिळते असंही राहिलं नाही. पंक्चरचं सोल्युशन, पेंटचा थिनर, खोकल्याचं औषध, झोपेच्या गोळ्या. २०१९ मध्ये केंद्र सरकारनं देशभराच्या पाहणीचे आकडे दिले. त्यात सोल्युशन-थिनरसारखं हुंगायची नशा ही एकच अशी निघाली की जिचं प्रमाण मोठ्या माणसांपेक्षा दहा ते सतरा वर्षांच्या मुलांत जास्त. मोठ्यांत शेकडा ०.५८, मुलांत १.१७. म्हणजे दुप्पट. मदतीची गरज असलेली अशी मुलं देशात साडेचार लाखांच्या वर. त्यांच्यासाठी कुठली आडवी बाटली करणार?

हे सगळं समजून घेतल्यावर आम्ही चौघी एकमेकींसमोर बसलो आणि आपली वही काढली. बचत गटाची पंचसूत्री तुम्हाला पाठ आहे: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, लेखे. नशेच्या गोलाशी ताडून पाहिलं. नियमित बैठक जुळते. सगळ्या समान, गोलात मोठी-लहान नाही, हे जुळतं. पण लेखे जुळत नाहीत. आपल्याकडं सगळं वहीत लिहायचं, तिथं काहीच लिहायचं नाही. परतफेडही जुळत नाही. आपल्याकडं हप्ता चुकला की दंड, तिथं चुकलेल्यालाच आधी जागा द्यायची. आम्ही बचत गटाचे नियम नशेला लावले, म्हणून बिघडलं.

कर्जाचं एक वेगळं सांगतो, कारण आयांना हे जड जातं. पोराची उधारी आई भागवते ती मायेनंच भागवते. पण उधारी भागली की पोराला पुढची उधारी मिळते. अल-अॅनॉनमधल्या बायांनी हेच फार आधी ओळखलं की झाकणं ही मदत नाही. म्हणजे पोराला उपाशी ठेवा असं नाही. जेवण द्या, अंथरूण द्या, दवाखान्याचं भाडं द्या, हातात पैसे देऊ नका आणि त्याच्यावतीनं खोटं बोलू नका. आमचाही वाटा त्यात आहेच. शेळी न बघता कर्ज दिलं ते आम्हीच.

आता आम्ही काय करतो ते सांगतो. फार काही नाही.

गुरुवारी दुपारी चार वाजता आयांची बैठक असते. ज्यांच्या घरात नशा आहे त्याच येतात. वही नाही, हजेरी नाही, फोटो नाही. फोटो नाही म्हटल्यावर वरून विचारणा झाली की कामाचा पुरावा काय. आम्ही सांगितलं, नाही पुरावा. सुरुवातीला तिघी यायच्या, आता कधी सात असतात, कधी दोघी. एकमेकींना सल्ला द्यायचा नाही, फक्त आपलं सांगायचं, हा नियम आम्हालाच सगळ्यात अवघड गेला. गावात कुणाचं काय चाललंय सगळ्यांना माहीत असतं, मग गुपित कसलं, असं एकीनं विचारलं. दुसरीनं उत्तर दिलं, “बाई, गावाला जे माहीत हाय ते गावाचं. म्या जे सांगते ते मव्हं हाय.”

पोरांचं आम्ही आमच्या हातात ठेवलं नाही. जवळच्या गावात एक तरुण आहे, स्वतः उपचार घेऊन बरा झालेला, तीन वर्षं झाली. तो रविवारी येतो. शाळेच्या ओट्यावर, उघड्यावर, आईबापांना सांगून बसतात. लहान मुलांचा विषय आहे, म्हणून दोन मोठी माणसं कायम नजरेच्या टप्प्यात असतात, पण कानाच्या टप्प्यात नाही. तीन पोरं येतात. एक मधेच महिनाभर आला नाही, मग आला. कुणी विचारलं नाही कुठं होतास. त्यालाच सांगायचं होतं, त्यानं सांगितलं. काय सांगितलं ते आम्हाला माहीत नाही.

डॉक्टरचं मात्र विसरू नका. गोलात बसून गोळ्या सुटतात असं आम्ही म्हणत नाही. रोजची दारू किंवा झोपेच्या गोळ्या घरच्या घरी एकदम बंद केल्या तर झटके येऊ शकतात, जिवावर बेतू शकतं. आधी मानसोपचाराचे डॉक्टर. आपल्याला अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ सरकारी मेडिकल कॉलेज जवळ आहे. तिथं मानसोपचार विभाग आहे. फोनवर विचारायचं असेल तर नशामुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६, मनाच्या त्रासासाठी टेलि-मानस १४४१६, आणि लेकरू संकटात असेल तर १०९८. तिन्ही फुकट आहेत. आणि दुकानदारांनी ऐकत असाल तर ऐका: अठराच्या आतल्या लेकराला दारू, तंबाखू किंवा नशेची गोळी देणं हा बाल न्याय कायद्यानं गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड.

ते पहिलं पोरगं अजून गावी राहायला आलेलं नाही. यंदाही कोयत्यावर गेलंय. दिवाळीआधी दोन दिवस येऊन गेलं, आमच्यापैकी कुणाला भेटलं नाही. त्याची आई गुरुवारी यायला लागली आहे. शेळीचं कर्ज तिनं फेडायला घेतलंय, आणि त्याच्यापुढं आम्ही वहीत ‘शेळी’ हा शब्द खोडून काही दुसरं लिहिलेलं नाही. रिकामं सोडलंय.

आणि ती मिसरीवाली मावशीही येते. तिच्या घरात दुसरं कुणी नशेत नाही. पहिल्या दिवशी तिला विचारलं, मावशे, तू कशी आलीस? ती म्हणाली, “त्या पोरानं इचारलं व्हतं ना, त्याचं उत्तर द्यायचं ऱ्हायलंय.” डबी ती आता घरी ठेवून येते. बैठकीचा तास-दीड तास लावत नाही, घरी गेल्यावर लावते. असं तीच सांगते.

गुरुवारी चार वाजता, अंगणवाडीच्या ओट्यावर. चपला बाहेर काढायच्या, एवढंच. नमस्कार.